वडीलधाऱ्यांना सलाम, पण जरा लांबून

ईदच्या दिवशी घरात सर्वांत जास्त लोक कोणाला भेटतात? घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला. नमाज आटोपून आलेली मुले, जावई, पुतणे, भाचे, मोहल्ल्यातली पोरे, शीरखुर्म्यासाठी आवर्जून येणारे हिंदू शेजारी, जुने सहकारी, जो येतो तो आधी दादाजानच्या किंवा दादीच्या खोलीकडे वळतो. मुसाफहा होतो, म्हणजे दोन्ही हातांनी हात हातात घेतले जातात. गळाभेट होते. नातवंडे गालाला गाल लावून ईदी वसूल करतात. मोठ्यांना मान देण्याची ही रीत फार चांगली आहे. पण हाच दिवस फ्लूच्या विषाणूच्या बाजूने पाहा. ज्याच्या अंगात आजाराशी झुंजण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्याच तोंडाजवळ दिवसभरात चाळीस-पन्नास जणांचे श्वास येऊन जातात.

रमजानचे पहिले दिवस चालू आहेत, ईदला अजून तीन आठवड्यांहून अधिक अवधी आहे, म्हणूनच हा विषय आज मांडतो आहे. ईद उलटल्यावर त्याचा उपयोग नाही.

आपण म्हाताऱ्या माणसांना जपायचे म्हणजे काय करतो? त्यांनाच सूचना देतो. अब्बा, गर्दीत जाऊ नका. अम्मी, मास्क लावा. माझे म्हणणे उलट आहे. विषाणू घरातल्या पलंगापर्यंत आपसूक येत नाही, तो आपल्यासोबत येतो. शाळेतून, बसमधून, बाजारातून, ऑफिसातून आपण तो घेऊन येतो. तेव्हा पथ्य पाळायचे ते प्रामुख्याने आपण, धडधाकट माणसांनी. म्हाताऱ्यांच्या वाट्याला त्यातले थोडेसेच यावे.

हंगाम आणि महिना

इस्लामी वर्ष चंद्रावर चालते, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१६ साली तो जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर आला होता. २०२५ साली मार्चच्या सुरुवातीला आला, २०२६ साली फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, आणि २०२७ साली तो फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. त्यापुढची काही वर्षे तो थंडीतच राहील.

आपल्या देशात फ्लू वर्षातून दोनदा जोर धरतो. एकदा जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्यात व त्यानंतर. म्हणजे सध्याची काही वर्षे रमजान आणि फ्लूचा पहिला हंगाम एकत्र येत आहेत. त्यातच दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. ताप असला तरी पेपर बुडवता येत नाही, म्हणून आजारी मुलेही वर्गात एकत्र बसतात आणि संध्याकाळी घरी येऊन नानीच्या शेजारी इफ्तारला बसतात. त्यानंतर तरावीहची नमाज. इशानंतरची ही जादा नमाज तास-दीड तास चालते, भरलेल्या मशिदीत, खांद्याला खांदा लावून. एसी चालू असला तर खिडक्या बंद. श्वासातून पसरणाऱ्या आजाराला लागते ते सगळे तिथे असते: बंद हवा, दाटी आणि वेळ.

म्हाताऱ्या शरीरात काय होते

फ्लूला आपण सर्दी-पडसे म्हणून सोडून देतो. तरुण माणूस चार-पाच दिवसांत उठून कामाला लागतोही. वयाबरोबर शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. मग तोच विषाणू फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, मधुमेह हाताबाहेर जातो, दमा उफाळतो. फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोकाही वाढलेला असतो. घरचे म्हणतात, साधा ताप आला होता, मग हार्ट अटॅक आला. त्या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो हे कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी अडचण अशी की म्हाताऱ्या माणसाचा आजार लवकर ओळखू येत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना पुष्कळदा जोराचा ताप येतच नाही. जेवण तुटते, माणूस गप्प होतो, दिवसभर झोपून राहतो, बोलताना भरकटतो, बाथरूमला जाताना पडतो. रमजानात याला सोपे कारण सापडते: रोजा आहे, अशक्तपणा आला असेल. दोन दिवस असे जातात आणि तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात. फ्लूवर ओसेल्टामिविर हे औषध आहे, पण लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले तर त्याचा खरा फायदा. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांच्या पुडीत ते नसते. उगीच घेतलेल्या अँटिबायोटिकचा विषाणूवर काही परिणाम होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून तो पसरवू लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहतो. म्हणून फक्त खोकणाऱ्याला दूर ठेवून भागत नाही. हवा खेळती ठेवणे आणि लस घेणे या दोन गोष्टी प्रत्येक घराला लागू आहेत.

हे सगळे फ्लूपुरते नाही. कोरोना गेलेला नाही, त्याची धार तेवढी कमी झाली आहे. आरएसव्ही नावाचा विषाणू लहान मुलांना सर्दी देतो आणि त्यांच्या आजी-आजोबांना अंथरुणाला खिळवतो. २००९ साली ज्या स्वाइन फ्लूने पुणे हादरले होते, तो आता दरवर्षीच्या फ्लूंपैकीच एक होऊन बसला आहे.

सवलत हीदेखील शिकवण

आजारी किंवा अतिशय वृद्ध माणसाला रोजातून सूट आहे, हे सूरह बकरात सांगितलेले आहे आणि प्रत्येक मुसलमानाला ते माहीत असते. बरे झाल्यावर राहिलेले रोजे पूर्ण करायचे, त्याला कजा म्हणतात. पुन्हा कधीच रोजा ठेवता येणार नाही असे वय किंवा दुखणे असेल, तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला दोन वेळचे जेवण द्यायचे, त्याला फिदया म्हणतात. आपल्याकडे तो साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत असा मोजला जातो.

माहीत असूनही म्हातारी माणसे ही सवलत घेत नाहीत. आयुष्यभर एकही रोजा चुकवलेला नसतो. चारचौघांत रोजा नसल्याचे सांगायला त्यांना लाज वाटते. त्यापायी दम्याचा माणूस दिवसभर इनहेलर बाजूला ठेवतो, कारण आपल्याकडचे बहुतेक हनफी उलमा इनहेलरने रोजा मोडतो असे मानतात. काही अरब विद्वानांचे मत वेगळे आहे. मसला मुफ्तींना विचारावा, पण उत्तर काहीही आले तरी इनहेलर सोडणे हा पर्याय नाही. रोजा सोडण्याची परवानगी तर अल्लाहनेच दिलेली आहे. ती स्वीकारणे हाही आज्ञापालनाचाच भाग आहे. हे घरातल्या मुलांनी नीट, आदराने आणि एकांतात समजावले पाहिजे. सगळ्यांसमोर दटावून नव्हे. आई-वडील म्हातारे झाले की त्यांच्याशी त्रासलेल्या सुरातही बोलू नये, अशी ताकीद आपल्याला आहे.

तकदीर आणि तदबीर

या विषयावर बोलू लागले की कोणीतरी हमखास म्हणते, मौत का एक दिन मुकर्रर आहे, मास्कने काय होणार? इतिहासाने या प्रश्नाचे उत्तर कधीच दिलेले आहे. इ.स. ६३९ च्या सुमारास शाममध्ये, म्हणजे आजच्या सीरिया-पॅलेस्टाइनच्या भागात, प्लेगची मोठी साथ आली. ती अमवासची साथ म्हणून ओळखली जाते. खलीफा हजरत उमर (रजि.) तिकडेच निघाले होते. वाटेत सर्ग या ठिकाणी बातमी कळली, सल्लामसलत झाली आणि त्यांनी परत फिरायचे ठरवले. सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी पैगंबरसाहेबांची (स.) शिकवण सांगितली: जिथे साथ आहे तिथे जाऊ नये आणि आपण राहतो तिथे साथ आली तर तिथून पळून जाऊ नये. साथीला रोखण्याची ही शिस्त सूक्ष्मजंतूंचा शोध लागण्याच्या हजार वर्षांहून आधीची आहे.

काही जण एका हदीसचा आधार घेऊन म्हणतात की इस्लाममध्ये संसर्ग ही कल्पनाच नाही. पण हदीसच्या त्याच संग्रहात आजारी उंट निरोगी उंटांमध्ये नेऊ नयेत अशीही सूचना आहे. दोन्ही एकत्र वाचून विद्वानांनी अर्थ लावला की आजाराला स्वतःची स्वतंत्र शक्ती आहे असे मानू नये, पण कारणे टाळावीत जरूर. शिंकताना पैगंबरसाहेब (स.) हाताने किंवा कपड्याने तोंड झाकून घेत. कच्चा लसूण किंवा कांदा खाऊन मशिदीत येऊ नये, असे त्यांनी सांगितले होते, कारण शेजारच्याला त्रास होतो. तोंडाच्या वासाने शेजाऱ्याला त्रास देऊ नये अशी जिथे शिकवण आहे, तिथे तापाने फणफणत जमातीत उभे राहणे पुण्याचे कसे ठरेल?

आणि आपण हे करून दाखवलेले आहे. २०२० चा रमजान पूर्ण लॉकडाउनमध्ये गेला. मशिदी बंद होत्या, तरावीह घरोघरी झाली, ईदची नमाजसुद्धा लोकांनी घरात अदा केली. मक्केच्या हरममध्ये तरावीहच्या वीस रकअती दहावर आणल्या गेल्या. त्या वर्षीचा हज सुमारे हजार लोकांचा झाला आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना त्यात परवानगी नव्हती. आज त्या टोकाच्या उपायांची गरज नाही. त्यातले अगदी थोडे, सोपे तेवढे पुरे आहे.

घरात, मशिदीत आणि ईदला

घरापासून सुरुवात करू. ज्याला खोकला, घसादुखी किंवा ताप आहे, त्याने इफ्तारला आपले ताट दुसऱ्या खोलीत न्यावे आणि घरात वावरताना मास्क लावावा. मास्क आजारी माणसाच्या तोंडावर असला तर सर्वांत जास्त कामाचा. एकाच थाळ्यात सगळ्यांनी हात घालण्याची पद्धत असेल, तर वडीलधाऱ्यांचे ताट आणि ग्लास वेगळा ठेवावा आणि त्यांची जागा खिडकीजवळ करावी. त्यांच्या खोलीची खिडकी दिवसातून बराच वेळ उघडी हवी. बाहेरून आल्यावर साबणाने हात धुऊनच त्यांच्याजवळ जावे. त्यांची साखरेची, रक्तदाबाची औषधे सहरी-इफ्तारच्या वेळांत कशी बसवायची, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

मशिदींच्या ट्रस्टींना एक विनंती. तरावीहच्या वेळी एसी असला तरी समोरासमोरच्या काही खिडक्या उघड्या ठेवा. थोडे उकडेल, एवढेच. खुर्चीवर नमाज पढणाऱ्या बुजुर्गांची रांग बहुधा कोपऱ्यात असते, ती खिडकीजवळ किंवा सहनात, म्हणजे उघड्या अंगणात हलवा. वजूखान्यात साबण ठेवा. वजू करताना हात धुतले जातात हे खरे, पण साबणाने धुतलेल्या हाताची गोष्ट वेगळी. पाण्याच्या माठाशेजारचा सगळ्यांचा एकच ग्लास बंद करा. दाराशी मास्कचा एक डबा ठेवा. आणि इमामसाहेबांनी जुम्म्याच्या बयानात एक वाक्य सांगावे की ज्याला ताप-खोकला आहे त्याने घरीच नमाज पढावी, आजारी माणसाला त्याची मुभा आहे. डॉक्टर शंभरदा सांगतील त्यापेक्षा मिंबरवरून एकदा सांगितलेले जास्त लोक ऐकतात.

आता ईद. आमच्या घरी दोन वर्षांपासून अब्बांची खुर्ची ईदला आतल्या खोलीऐवजी अंगणात असते. येणारा प्रत्येक जण सलाम करतो, छातीवर हात ठेवतो, समोरच्या खुर्चीवर बसून बोलतो. गळाभेट नाही. ज्याला खोकला आहे तो फाटकातूनच सलाम करतो आणि फोनवर निवांत बोलतो. पहिल्या वर्षी एक खाला रुसल्या. आम्ही काय परके झालो, असे म्हणाल्या. अब्बांनाही आधी ते पटले नव्हते. पण अंगणात बसल्यामुळे त्यांना रस्त्यावरून जाणारे येणारेही दिसू लागले, जुने मित्र थांबून बोलू लागले आणि त्यांचा दिवस आधीपेक्षा बरा गेला. रुसवा निघायला थोडा वेळ लागला, पण निघाला.

लसीचे काय?

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो आणि लसही त्याप्रमाणे बदलली जाते. वृद्धांनी ती घ्यावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असे नाही. पण आजार गंभीर होण्याची, इस्पितळात जाण्याची शक्यता कमी होते. परिणाम सुरू व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. या आठवड्यात घेतली तर ईदच्या गर्दीपर्यंत ती कामाला लागलेली असेल. म्हाताऱ्यांसोबत राहणाऱ्यांनीही घेतली तर दुहेरी कुंपण होते. कोणाला आधी एखाद्या लसीची तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगावे. न्यूमोकोकल न्यूमोनियाची लस वेगळी असते, तिच्याबद्दलही त्याच वेळी विचारावे.

रोजात सुई घेतली तर चालते का, हा प्रश्न येतोच. २०२१ च्या रमजानआधी सौदी अरेबियाच्या मुफ्ती-ए-आझमांनी स्पष्ट केले होते की दंडात घेतलेल्या कोरोना लसीने रोजा मोडत नाही, कारण ते अन्न-पाणी नव्हे. तरी मनात शंका असेल तर इफ्तारनंतर घ्यावी. आणि ज्यांना लसीचीच शंका येते त्यांनी हजची तयारी आठवावी. आपल्याकडच्या प्रत्येक यात्रेकरूला मेंदूज्वराची लस आणि पोलिओचे थेंब घ्यावे लागतात, वयस्कर यात्रेकरूंना फ्लूची लसही दिली जाते. त्या शिबिराला आपले लोक हसतमुखाने रांग लावतात. मक्केला जाताना जी लस चालते, ती मोहल्ल्यात राहताना का चालू नये?

खासगी दवाखान्यात या लसीला हजार रुपयांच्या पुढे खर्च येतो. निवृत्तिवेतन नसलेल्या, हातमागावर किंवा हातगाडीवर आयुष्य काढलेल्या माणसाला तो परवडत नाही. रमजानात आपण सढळ हाताने सदका देतो. इफ्तार पार्टीचा एक बेत कमी करून मोहल्ल्यातल्या दहा म्हाताऱ्यांच्या लसीचा खर्च उचलला, तर तो पैसा कुठे गेला हे पुढच्या ईदला डोळ्यांनी दिसेल. त्या दहांत शेजारच्या गल्लीतले जोशीकाका किंवा कांबळेमावशी असतील तर आणखी उत्तम. सदका देताना धर्म विचारायचा नसतो.

एकटे पाडू नका

एक सावधगिरी. काळजीच्या नावाखाली म्हाताऱ्यांना खोलीत डांबून ठेवू नका. २०२० मध्ये किती तरी घरांत ताट दाराशी ठेवले गेले आणि माणूस आत भिंतीकडे पाहत बसला. एकटेपणानेही माणूस खचतो, जेवण तुटते, औषधे चुकतात. तरावीहला जाणे हा त्यांचा दिवसभराचा आनंद असेल, तर त्यांना घरी बसवण्याआधी मशिदीच्या खिडक्या उघडायला लावा. साथ जोरात असेल तेव्हा घरच्या चार निरोगी माणसांनी मिळून त्यांच्यासोबत घरातच जमात करावी. दूर ठेवायचा आहे तो खोकला, दादीला नाही.

आणि काही खुणा ध्यानात ठेवा. दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बोलणे विस्कळीत होत असेल, लघवी कमी झाली असेल, किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली जात असेल, तर इफ्तारची वाट पाहू नका, रोजा सोडवून लगेच इस्पितळ गाठा. जीव धोक्यात असताना रोजा सोडणे जायजच नव्हे, आवश्यक आहे.

हे पान वाचणाऱ्या हिंदू, बौद्ध, जैन, ख्रिस्ती वाचकांना यात परके वाटावे असे फारसे काही नाही. गणपतीत आजोबांच्या पाया पडायला लागणारी रांग, दिवाळीच्या पाडव्याचे ओवाळणे, संक्रांतीला तिळगूळ घेऊन येणारी पोरे, नाताळची भेट, सगळीकडे मान सर्वांत वयस्कर माणसाचा असतो आणि गर्दीही त्याच्याभोवतीच होते. पावसाळ्यानंतरचा फ्लू गणपती-दिवाळीच्या दिवसांतच फिरत असतो. ईदला तुम्ही आमच्याकडे याल तेव्हा खोकला असेल तर निःसंकोच सांगा, शीरखुर्म्याचा डबा घरपोच पाठवू. दिवाळीला आम्हीही सांगू, फराळाचा डबा तुम्ही पाठवा.

रमजान मुबारक. या महिन्याच्या दुआंमध्ये घरातल्या बुजुर्गांचे दीर्घायुष्य आपण सगळेच मागतो. ती दुआ मागून झाली की उठून त्यांच्या खोलीची खिडकी उघडावी.